बोरवाडीच्या तलावावरच्या चार केबिनी

आमच्याकडे राहून गेलेलं गिऱ्हाईक जाताना काही ना काही विसरायचंच. छत्री, तांब्या, पंचा, एकदा तर दातांची कवळी! ती कवळी धुळ्याला पोचती होईपर्यंत, तिथलं चूलपाणी बघणाऱ्या अक्कानं फडक्यात बांधून बाहेर लिंबाला टांगली होती. दुसऱ्याचे दात घरात नकोत म्हणाली. वस्तू आम्ही ज्याच्या त्याला पाठवल्या. किस्से परत न्यायला मात्र कुणी आलं नाही, त्यामुळे ते आमच्याकडेच साठत गेले. आता चार माणसं जमली की कुणीतरी म्हणतंच, “भाऊ, तलावाचं सांगा!” आणि मला कुठून सुरू करावं ते सुचत नाही. कारण तिथं जे घडलं त्यातलं निम्मं मला तेव्हाही कळलं नव्हतं!

जळगावात माझं मंडप आणि तंबू भाड्यानं देण्याचं दुकान होतं. तंबू शिवायचं काम नूरभाईंचं. हात असा की कनातीला ठिगळ लावलेलं शोधून सापडायचं नाही. बोरवाडीचे नाना शेतकरी. त्यांच्या शेताला लागून तलाव. तलावाचा बांध घालताना मुकादमांसाठी चार खोल्या बांधल्या होत्या, विटांच्या भिंती आणि वर पत्रा. काम संपलं, मुकादम गेले, खोल्या नानांच्या वाट्याला आल्या. नानांनी त्यात कडबा भरला. चहूकडे काळी सपाट जमीन, नजर पोचेल तिथवर कपाशी नाहीतर गवत, आणि मध्येच ते एवढं मोठं पाणी. हिवाळ्यात बदकं उतरायची आणि बदकांच्या मागून साहेब!

*

असाच एक रेल्वेचा साहेब भुसावळहून शिकारीला आला. तंबू माझाच, म्हणून मीही सोबत. माळावरच्या वाऱ्यानं तंबू दोनदा लोळवला. दुसऱ्यांदा साहेब आतच होता. बाहेर आला तो थेट नानांच्या खोल्यांकडे बोट दाखवत.

“ये मकान भाडे से देगा?”

नाना विचारात पडले. त्यांनी आजवर भाड्यानं गाडी दिली होती, नांगर दिला होता, गूळ करायची कढई दिली होती. घर पहिल्यांदाच.

“देसू ना,” ते म्हणाले. “पन साहेब, लई कसा जाशात?”

साहेब माझ्याकडे बघायला लागला. घर उचलून नेणार कसं, हा नानांचा सवाल मी जमेल तसा समजावला. साहेब म्हणाला, “ले जाना नहीं! हम यहीं रहेगा. दो दिन.”

नानांनी मला बाजूला घेतलं. आवाज अगदी खाली आणून म्हणाले, “भाऊ, तो आठेच ऱ्हाई, घर बी आठेच ऱ्हाई, मंग भाडं कसानं?”

“क्या बोलता है?” साहेबानं विचारलं.

“हो म्हणतो,” मी म्हणालो. अशा रीतीनं आमचा धंदा सुरू झाला!

*

त्या खोल्यांना ‘केबिन’ हे नाव भुसावळच्या रेल्वेवाल्यांनी दिलं. नावामुळे गोंधळ व्हायचा तो झालाच.

तिथल्या मालगोदामातले एक बाबू दिवाळीच्या सुट्टीत बायकोमुलांना घेऊन आले. निघताना त्यांनी चाळीसगावला सासऱ्यांना निरोप धाडला, ‘आम्ही बोरवाडीला केबिनवर आहोत.’ सासरे रेल्वेतलेच, मालगाडीचे गार्ड म्हणून पेन्शनीत निघालेले. त्यांच्या लेखी केबिन म्हणजे सिग्नलची केबिन! चांगला टेबलावर बसणारा जावई, त्याला खेचून खटके ओढायला बसवलं? काय केलं काय यानं? म्हातारा तसाच निघाला. आगगाडी, मग बैलगाडी. अंगावर काळा कोट, चेहरा त्याहून काळा. नाना बांधावर उभेच होते.

“बोरवाडीची केबिन कुठं आहे?”

“हाईच ना.”

म्हाताऱ्यानं पुढे पाहिलं, मागे पाहिलं. “आणि रूळ कुठं आहेत?”

“आठे रूळ नही शेत.”

“रूळ नाहीत? मग गाडी येते कशी?”

“तुम्ही उनात ना आते गाडीमा? तशीच येस. बैल वढतस.”

म्हाताऱ्याला घाम फुटला. “आणि बैलगाडीला सिग्नल कोण देतं?”

“मनी बहिन,” नाना म्हणाले.

यात खोटं काही नव्हतं. बांधाखाली एका जागी दलदल होती. तिथं गाडी रुतू नये म्हणून नानांची थोरली बहीण अक्का बांधावर उभं राहून पांढरं फडकं हलवायची, अन् गाडीवानाला वाट दाखवायची. नेमकी त्याच वेळी दुसरी एक गाडी येत होती. अक्कानं फडकं हलवलं. आणि म्हाताऱ्यानं इतक्या वर्षांच्या सवयीनं हात वर करून ‘ऑल राइट’ दिलं!

*

पुढच्या गोंधळाला आम्ही जबाबदार. आम्ही म्हणजे मी. नूरभाई अजून म्हणतात, “भाऊ, मेरेकू बीच में मत लो.”

भुसावळच्याच चार तरुण कारकुनांना साहेबासारखं कॅम्पिंग करायचं होतं. खोली नको, तंबूच पाहिजे! त्याच दिवशी एरंडोलला एका लग्नाची मंडपाची ऑर्डर होती. दोन्ही गाड्या सकाळी एकदमच भरल्या आणि एकदमच सुटल्या. तंबूची गाडी गेली एरंडोलला आणि मंडपाची बोरवाडीला!

कारकुनांना तंबू कसा असतो ते ठाऊक नव्हतं. गाडीवानानं जे उभारलं त्याखाली ते बसले. लाल-पांढरी झालर, केळीचे खांब बांधायला कड्या, चारी बाजू उघड्या. “हवेशीर आहे,” त्यातला एक म्हणाला.

बोरवाडीच्या लोकांनी लांबून मंडप पाहिला. आपल्याला आमंत्रण नाही याचं त्यांना वाईट वाटलं, पण आपल्या गावच्या पाण्यावर लग्न आहे तर जायला हवं, असं ठरलं. दुपारपर्यंत निम्मं गाव नवे कपडे घालून मंडपात येऊन बसलं. कारकुनांना वाटलं, कॅम्पिंग बघायला आले असतील. त्यांनी सगळ्यांना चहा दिला. एका म्हाताऱ्यानं हळूच विचारलं, “नवरदेव कोन शे?” कारकुनांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यातला एकच बिनलग्नाचा होता. त्यानं प्रामाणिकपणे हात वर केला. लोकांनी त्याला टॉवेल-टोपी केली!

मी हे कळल्यावर धावत एरंडोलला गेलो. तिथं मुहूर्त टळू नये म्हणून लग्न दोन माणसांच्या तंबूत उरकलं होतं. आत नवरा, नवरी आणि भटजी. वऱ्हाड बाहेर उन्हात. मी हात जोडून मुलीच्या बापापुढे उभा राहिलो. म्हटलं आता हा मला मारणार.

तो बिचारा स्वतःच गोंधळलेला होता. म्हणाला, “लागलं असावं लग्न. आतलं काही दिसलं नाही. आम्ही अक्षता तंबूवर टाकल्या!”

*

धुळ्याचे एक पेन्शनर मामलेदार माघात येऊन तलाव बघून गेले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोळ्यांपुढे पाणी असू द्या. एक नंबरची केबिन अगदी पाण्याला लागून, म्हणून त्यांनी तीच सांगून ठेवली. राहायला आले ते चैत्र संपताना. खिडकी उघडली तर समोर भेगा पडलेली जमीन, मधूनच काकडीचे वेल, आणि पाणी पार पलीकडे, ताटलीएवढं.

“तलाव कुठं आहे?” त्यांनी नानांना बोलावून विचारलं.

“उन्हायामा तो तथा ऱ्हास,” नानांनी पलीकडे बोट दाखवलं.

“परत कधी येतो?”

“आखाडमा.”

मामलेदारांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सगळी हयात कचेरीत गेलेला माणूस. म्हणाले, “तोवर इथला चार्ज कोणाकडे?”

नाना म्हणाले, “मन्या काकड्या लायेल शेतस ना!”

*

पावसाळ्यानंतर केबिनींची दारं फुगायची. एकदा नानांनी गावच्या सुताराला बोलावून चारी दारं काढून तासून घेतली. सुतारानं ती परत बसवली, पण ज्याला जी चौकट बरी वाटली त्याला ती! नंबर नूरभाईंनी दारांवरच रंगवलेले होते.

धुळ्याचे एक वकील दोन नंबरात उतरले होते. ते तलावावर आंघोळीला गेले आणि तेवढ्यात सुतारानं तासलेली दारं बसवून टाकली. ओल्या पंच्यानं परत आले, दोन नंबरचं दार लोटलं, तर आत अमळनेरच्या एक आजीबाई तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या.

“बाई, ही दोन नंबरची खोली आहे,” वकीलसाहेब म्हणाले.

“असंल ना, बाबा.”

“दोन नंबर मी घेतली आहे.”

“बरं केलं. बसा!”

आता आलेल्या माणसाला ‘बसा’ म्हटल्यावर काय करणार? वकीलसाहेब बसले. आजीबाईंनी त्यांच्यापुढे मूठभर शेंगा सरकवल्या. त्यांनी सोलल्याही. मग केव्हातरी त्यांना काहीतरी चुकतंय असं वाटलं आणि त्यांनी मला हाक मारली.

मी त्यांना शेजारच्या, तीन नंबरचं दार लागलेल्या खोलीत नेलं. त्यांची पगडी खुंटीला होती, काठी कोपऱ्यात होती, वळकटी सोडलेली होती. “हे बघा, साहेब, ही तुमचीच खोली.”

वकीलसाहेबांनी सगळं नीट पाहिलं. दाराबाहेर जाऊन नंबर पाहिला. परत आत आले. “सामान माझं आहे,” ते म्हणाले, “पण खोली माझी नाही. म्हणजे परक्याच्या खोलीत मी सामान ठेवलेलं आहे. हे वाईट झालं.”

मी दारांचं सांगितलं. सुतारालाही समोर उभा केला. त्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली. पण परत जाईपर्यंत वकीलसाहेब आपल्याच खोलीत शिरताना आधी दार वाजवत होते!

*

बदकांच्या साहेबांपैकी एकानं लाकडाची रंगवलेली बदकं आणली होती. ती पाण्यावर सोडून ठेवायची, म्हणजे खरी बदकं त्यांना पाहून उतरतात. साहेबानं सकाळी ती सोडली, आणि ऊन चढल्यावर केबिनीत जाऊन झोपला. हे अक्काला कुणी सांगितलं नव्हतं.

अक्का बांधावरून सकाळपासून बघत होती. एक पक्षी मान हलवेल तर शपथ! दुपारी ती कमरेइतक्या पाण्यात शिरली आणि काठाजवळचं एक उचलून घेऊन आली. चुलीशेजारी पाटीत गोणपाट घालून त्याला ठेवलं, पुढे मूठभर ज्वारी टाकली, वाटीत पाणी ठेवलं.

संध्याकाळी साहेबानं बदकं मोजली. एक कमी! खानसामा शोधत शोधत अक्काच्या चुलीपाशी आला, मागोमाग मी.

“बठ्ठा आजारी शेतस ते,” पाण्यावरच्या सगळ्या बदकांकडे हात करून अक्का म्हणाली. “एक लई उनू मी. पन हाई पार ताठरेल शे.”

मी म्हटलं, “अक्का, हे लाकडाचं आहे.”

अक्कानं ते हातात घेतलं. चोचीवर टिचकी मारली. टक् वाजलं. खानसामा हसायला लागला, मीही हसलो. अक्का हसली नाही. ती पाटीत वाकून बघत होती. वाटीतलं पाणी निम्म्यावर आलं होतं आणि पाटीत ज्वारीचा एक दाणा उरला नव्हता.

“लाकूडनं शे,” ती म्हणाली, “तं मंग दाना खाधा कोनी?”

*

आता मावशीचं सांगतो. तिचं नाव आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही, म्हणून मावशी.

तिकडे साहेबांच्या मुलखात लढाई सुरू झाल्यानंतरचं एक वर्ष. कपाशीच्या वेचणीचे दिवस, चारही केबिनी भरलेल्या, बाहेर माझे तंबू. त्या गर्दीत एक म्हातारी चुलीपाशी भाकऱ्या थापताना दिसायला लागली. बारकी, वाळलेली, हिरवं लुगडं. मला वाटलं, नानांची कुणी नातेवाईक असेल. नानांना वाटलं, चार नंबरच्या पाहुण्यांची. पाहुण्यांना वाटलं, इथली स्वयंपाकीण. अक्काला वाटलं, भाऊंनी मदतीला धाडली. नूरभाईंना तिनं आल्या आल्या, “हातपाय धुई ये, मंग जेव,” असं फर्मावलं, त्यामुळे त्यांना वाटलं की हीच मालकीण!

पाहुणे गेले, म्हातारी राहिली. चार नंबरच्या मागच्या पडवीत तिनं आपलं बोचकं ठेवलं होतं. तेव्हा आम्ही एकमेकांना विचारलं, “ही कोण?” कुणालाच माहीत नाही!

विचारायचं असं ठरलं, तेवढ्यात अक्काला हिवताप आला. साधासुधा नव्हे. अक्का माणसं ओळखेना. नाना गडी माणूस, पण गोठ्यात जाऊन रडायचे. म्हातारी अक्काच्या उशाशी बसली ती बसलीच. कपाळावर पट्ट्या, चमच्या-चमच्यानं काढा, मध्येच उठून पाहुण्यांच्या भाकऱ्या, की परत उशाशी. ताप उतरल्यावर अक्कानं पहिला शब्द काढला तो, “मावशी.”

त्यानंतर नाना म्हणाले, “आते कसं इचारू? मनी बहिन वाचाडी तिनी.”

अक्का तर म्हणाली, “इचारू नका. जो दिन इचारशात, तो दिन ती जाई.”

मग आम्ही विचारलं नाही. ती नूरभाईंना पांढऱ्या दोऱ्यानं शिवू नको म्हणून रागवायची, मला लवकर घरी जा म्हणायची, नानांनी बैलाला मारलं तर त्या दिवशी नानांच्या ताटात भाजी वाढायची नाही. होळी आली. आता ही इथलीच, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

होळीनंतर एक दिवस, ऊन कलताना, धुळ्याच्या बाजूनं एक माणूस पायी आला. पस्तिशीचा असेल. अंगात मळका कोट, वहाणांचे अंगठे तुटलेले. पडवीच्या कडेला उभा राहून म्हणाला, “माझी आई घरातून निघून गेली आहे. गावोगाव विचारत फिरतोय. कुणीतरी म्हणालं, तलावावर एक म्हातारी भाकरी करते.”

अक्का चुलीजवळ लाकडं रचत होती, तिचा हात तिथंच थांबला. नानांनी माझ्याकडे पाहिलं, मी नूरभाईंकडे. खोटं बोलायला कुणाची जीभ उचलेना आणि खरं सांगायलाही. शेवटी नानांनी चुलीकडे नुसती मान केली.

म्हातारी पाठमोरी बसली होती. तिनं हातावरची भाकरी तव्यावर टाकली आणि वळून पाहिलं.

तो माणूस तिच्याकडे बघत राहिला. तीही त्याच्याकडे. तव्यावरच्या भाकरीचा वास सुटला.

“मावशी,” नानांनी विचारलं, “वळखतस का याले?”

“मी नही वळखत,” ती म्हणाली आणि भाकरी उलटायला वळली.

तो माणूस आणखी थोडा वेळ तिच्या पाठीकडे बघत उभा राहिला. मग आम्हाला म्हणाला, “नाही. ही नव्हे. माझी आई इतकी बारीक नव्हती.”

अक्कानं सुटकेचा श्वास टाकला तो मला ऐकू आला. लगबगीनं उठून ती म्हणाली, “जेवी जा, भाऊ. भाकरी तयार शे.”

“नको. उजेड आहे तोवर पुढचं गाव गाठतो.” त्यानं तांब्याभर पाणी उभ्यानंच घटाघटा प्यायलं, तांब्या पालथा ठेवला आणि बांधावरून चालायला लागला.

आम्हाला सगळ्यांना एकदम हलकं वाटलं. नूरभाईंनी विडी पेटवली. नाना उगाचच मोठ्यानं बैलांशी बोलायला लागले. मीही काहीतरी विनोद केला, काय ते आता आठवत नाही.

म्हातारीनं तव्यावरची भाकरी उतरवली. निखाऱ्याला लावली, ती टम्म फुगली. मग दुसरी केली. दोन्हींवर मिरचीचा ठेचा घातला, फडक्यात बांधलं, हात धुतले, लुगड्याला पुसले. पडवीतून आपलं बोचकं आणलं आणि पायरी उतरली.

“मावशी, कोठे चालन्यात?” अक्का घाबरून तिच्यामागे धावली. बांधावर तिनं म्हातारीचा हात धरला. “तुम्ही तं म्हनन्यात, त्याले वळखत नही!”

म्हातारीनं अक्काचा हात हळूच सोडवला. बांधावरून तो माणूस अजून दिसत होता, कपाशीच्या रिकाम्या शेतांमधून जाणारा एक ठिपका.

“नही वळखत,” ती म्हणाली. “पन उपाशी गया ना तो.”